फिल्डवरच्या ताई-दादांचे प्रश्न: डिग्री करायचीय, पण काम सोडायचं नाहीये

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की वस्तीत, संस्थेत, बचत गटात, अंगणवाडीत काम करणाऱ्या कुणाला पुढे शिकायचं असेल तर तुमची अडचण लिहून पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, दोघीतिघींनी तर व्हॉइस नोटच पाठवली. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, म्हणून वेगवेगळ्या अडचणींची सहा निवडलीत. नावं कुणाचीच देत नाहीये.

ताई, मी दहावी पास. लग्न लवकर झालं. येरवड्याच्या भागात एका संस्थेत बरीच वर्षं वस्ती कार्यकर्ती आहे. मागच्या वर्षी सुपरवायझरची जागा निघाली ती एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, झालेल्या मुलीला मिळाली, आणि तिला वस्ती मीच फिरून दाखवली होती. माझा तिच्यावर राग नाही. पण आता मलाही डिग्री करायचीय. वय ३८, मुलगा अकरावीला आहे. सुरुवात कुठून करू?

ताई, सुरुवात बारावीपासून. मध्येच उडी मारून थेट बीए करून देतो असं सांगणारी माणसं तुम्हाला भेटतील, पँफलेट वाटतात ती, "एका वर्षात डिग्री, घरबसल्या" वगैरे, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका. पैसे जातात आणि वर हातात असा कागद येतो की जो उद्या नोकरीत दाखवला तर तुमच्यावरच बालंट येईल.

बारावीसाठी आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, म्हणजे कॉलेजात रोज न जाता बाहेरून परीक्षा द्यायची. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळचं एक ज्युनिअर कॉलेज निवडायचं आणि पुढची कागदपत्रं, प्रॅक्टिकल, हॉल तिकीट सगळं त्या कॉलेजमधून होतं. दहावीचं मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला ओरिजिनल लागतो, तो आत्ताच शोधून ठेवा, पावसात ओला होऊन चिकटलेले दाखले मी बघितलेत. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी हे फॉर्म कितीतरी आधी निघतात आणि मुदत गेली की वर्ष गेलं, त्यामुळे जूनपासूनच कॉलेजात जाऊन विचारत राहा. आर्ट्स घ्या. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, सहकार यातले विषय तुम्हाला पुस्तक उघडल्यावर ओळखीचे वाटतील, बचत गट चालवणाऱ्या बाईला सहकार म्हणजे काय हे कुणी वेगळं शिकवायला नको. इंग्रजी मात्र आहेच. पास व्हायला ३५ लागतात, तेवढ्यासाठी रोज अर्धा तास द्या आणि मुलगा अकरावीला आहे ना, त्याचीच पुस्तकं, त्याच्याच नोट्स, दोघांनी एकत्र बसा. त्याच्यासाठीही ते चांगलं आहे.

नाईट कॉलेजबद्दल तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. बाजीराव रोडला सरस्वती मंदिरचं नाईट कॉलेज आहे, पुण्यात दुकानात-ऑफिसात दिवसभर काम करून शिकणाऱ्या कितीतरी जणांना अशा रात्रीच्या वर्गांनी डिग्रीपर्यंत नेलंय. पण तुमचं काम बघता मी ते सुचवणार नाही, कारण वस्तीतल्या बायका कामावरून सहा-सातला घरी येतात आणि तुमच्या मीटिंगा तेव्हाच असतात, म्हणजे नेमकी वर्गाची आणि कामाची वेळ एकच. त्यात परतायला रात्रीची बस. ज्यांचं काम दिवसा संपतं त्यांनी मात्र तिथे चौकशी जरूर करावी.

बारावी झाली की बीए मुक्त विद्यापीठातून करा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं ते तुमच्यासारख्यांसाठीच. पुस्तकं मराठीत, अभ्यासकेंद्र पुण्यात ठिकठिकाणी, संपर्कसत्रं बहुतेक सुट्टीच्या दिवशी. "मुक्तची डिग्री चालत नाही" असं कुणी म्हटलं तर त्याला शांतपणे सांगा की यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये परत स्पष्ट केलंय, मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणातली डिग्री नेहमीच्या कॉलेजच्या डिग्रीच्या बरोबरीचीच धरायची. मान्यता आहे की नाही हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर बघता येतं, कुठेही ॲडमिशन घेण्याआधी तेवढं कुणालातरी बघायला सांगाच. आणि आता दूरशिक्षणाच्या ॲडमिशनला डीईबी आयडी, म्हणजे त्याच विभागाचा नोंदणी नंबर, काढावा लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, दोन्ही आधारवरून निघतात, मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. सायबर कॅफेत जाऊन भलत्याचा नंबर टाकून काढू नका, पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो.

एमएसडब्ल्यूपर्यंत जायचं तर बारावीचं एक वर्ष, बीएची तीन, नंतरची दोन. सहा वर्षं. हे मी लपवत नाही कारण अर्ध्यात सोडणाऱ्या बऱ्याच जणी "एवढं लांबेल माहीत नव्हतं" असंच सांगतात. पण ताई, सहा वर्षांनी तुम्ही ४४ च्या होणारच आहात, आणि तेव्हाही वस्तीत काम करतच असाल. शिवाय सगळं शेवटी एकदम मिळत नाही. बारावी झाली की कितीतरी जागांना अर्ज करता येतो, अंगणवाडी सेविकेलाही आता बारावीच मागतात, आणि बीए झाल्यावर कोऑर्डिनेटरच्या मुलाखतीला तुम्ही बसाल तेव्हा समोर डिग्रीही असेल आणि मागे एवढा अनुभवही असेल. त्या जागेवर तुमच्याइतकं तयार माणूस संस्थेला सापडणार नाही असं मला मनापासून वाटतं.

मी हडपसरला एका संस्थेत युवकांबरोबर काम करतो, बीकॉम झालंय. एमएसडब्ल्यू करायचं तर जॉब सोडून रेग्युलर करू की इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून? घरात कमावणारा मी एकटाच आहे.

दादा, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत त्यातच निम्मं उत्तर आहे. रेग्युलर एमएसडब्ल्यू म्हणजे आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि काही दिवस फिल्डवर्क, त्याचं जर्नल लिहायचं, फॅकल्टीबरोबर बसून त्यावर चर्चा, शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग काही दिवस पूर्णवेळ काम. त्यासोबत पूर्णवेळ नोकरी होत नाही. पुण्यात कर्वेनगरची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे, गुलटेकडीला टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही एमएसडब्ल्यू आहे, आणि कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो त्यामुळे तुमचं बीकॉम आड येत नाही. रेग्युलरचा मोठा फायदा म्हणजे सोबतची मुलं आणि शिक्षक, तुमचं काम कुणीतरी रोज बघतं आणि का केलंत असं विचारतं. दोन वर्षं घर चालेल अशी सोय असेल, किंवा संस्था अर्धवेळ करून द्यायला तयार असेल, तर हाच मार्ग घ्या.

तशी सोय नसेल तर इग्नू. १९८५ चं विद्यापीठ आहे, प्रादेशिक केंद्र पुण्यातच आहे, जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश असतात. एमएसडब्ल्यू दोन वर्षांत करता येतं आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, म्हणजे मध्येच घरात आजारपण निघालं तरी सगळं वाया जात नाही. दोन गोष्टी माहीत असू द्या. पुस्तकं इंग्रजी-हिंदीत आहेत, मराठीत नाहीत. आणि फिल्डवर्क तिथेही करावंच लागतं, त्याचा रिपोर्ट सुपरवायझरच्या सहीने जातो, तर "दूरशिक्षण आहे म्हणजे फक्त परीक्षा" असं समजून ॲडमिशन घेतलेल्यांचं काम तिथेच अडतं. फिल्डवर्क स्वतःच्या संस्थेत करायची परवानगी मिळाली तरी रोजच्या कामापेक्षा वेगळं काहीतरी निवडा. तुम्ही युवकांबरोबर आहात तर सहा महिने व्यसनमुक्तीच्या किंवा कौटुंबिक सल्ल्याच्या कामात बसा, नाहीतर तेच केलेलं परत लिहिलं जातं आणि शिकायचं राहून जातं.

आणि एक, एमएसडब्ल्यूच हवं का हेही विचारून बघा स्वतःला. हॉस्पिटलमधला मेडिकल सोशल वर्कर, कारखान्यातला वेल्फेअर ऑफिसर अशा जागांना ते उपयोगी पडतं. पण तुमचं मन हिशोबात, संस्थेच्या मॅनेजमेंटमध्ये असेल तर एमकॉम किंवा एमबीए दूरशिक्षणातून करता येतं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्कूल ऑफ ओपन लर्निंगमध्ये असे कोर्स आहेत. बायकांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी त्याच विद्यापीठातलं स्त्री अभ्यास केंद्र बघावं. सगळे एमएसडब्ल्यू करतात म्हणून आपणही, असं नको.

मी मुक्त विद्यापीठात बीएला ॲडमिशन घेतलंय. मीटिंगमध्ये शंभर बायकांसमोर बोलते पण स्वाध्याय लिहायला बसलं की पेन चालत नाही. पुस्तकातली भाषाच परकी वाटते. सोडून देऊ का?

नाही. आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण फॉर्म आणि फीपेक्षा जास्त माणसं इथे गळतात आणि त्यांना वाटतं आपल्याला डोकंच नाही.

तुम्ही रोज लिहिताच की. गृहभेटीची डायरी, बचत गटाचं प्रोसिडिंग, महिन्याचा रिपोर्ट. फक्त ते लिहिणं फार आटोपशीर असतं, फॉरमॅटमध्ये बसवलेलं. एका कार्यकर्तीबरोबर बसून मी तिची डायरी वाचली होती. त्यात होतं: "मंगळवार. गृहभेटी ६. एक मुलगी शाळेत जात नाही. आईशी बोलले." बस. मी विचारत गेले, कोण मुलगी, का जात नाही, तुम्ही काय बोललात? मग ती सांगायला लागली. मुलगी तेरा वर्षांची. आई पहाटे पाचला स्वैपाकाच्या कामांना बाहेर पडते. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायची वेळ आणि हिच्या शाळेची वेळ एकच, म्हणून हिची शाळा सुटली. कार्यकर्तीने आईला "मुलीला शाळेत पाठवा" असं एका शब्दाने म्हटलं नाही, कारण आईला ते कळत होतंच. ती शेजारच्या आजींकडे गेली, ज्यांचा नातू त्याच अंगणवाडीत जातो, आणि भावाला सोबत न्यायची बोलणी केली. पुढच्या सोमवारी मुलगी वर्गात.

आता तुमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांचे श्रम, लिंगभाव, मुलींची शाळागळती, शेजारसंबंध असे धडे आहेत बघा. ही एक गृहभेट त्या चारही धड्यांचं उदाहरण आहे. स्वाध्यायात पुस्तकातली व्याख्या दोन ओळीत लिहा, मग "माझ्या कामाच्या भागात असं दिसतं की" म्हणून ही घटना लिहा, नावं न देता. आई पाचला का निघते, मुलाऐवजी मुलीचीच शाळा का सुटते, आजींनी का ऐकलं. प्रत्येक ठिकाणी "का" विचारायचं आणि उत्तर लिहायचं. पान भरतं.

त्यासाठी एक सवय लावा. आठवड्यातून एकाच भेटीबद्दल डायरीत पाच-सहा ओळी जास्त लिहा: काय दिसलं, मला काय वाटलं, मी काय ठरवलं आणि का, पुढे काय झालं. शुद्धलेखनाची काळजी नंतर. हात अवघडत असेल तर फोनवर मराठीत बोलून टाइप होतं, आधी बोला, मग ते वाचून नीट करा. बोलायला तुम्हाला येतंच आहे. आणि परकी वाटणारे शब्द, म्हणजे "सामाजिक स्तरीकरण", "अभिसरण" वगैरे, त्यांची एक वही करा आणि प्रत्येकासमोर आपल्या वस्तीतलं एक उदाहरण लिहा, व्याख्या पाठ करत बसू नका.

पुण्यातच धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ, म्हणजे आजचं एसएनडीटी, काढलं तेव्हा शिकवणं मातृभाषेतून ठेवलं होतं. तुमच्या भाषेत विचार करून लिहिलेलं उत्तर कमी दर्जाचं नसतं, आणि परीक्षकांना गाइडमधून उतरवलेली शंभर उत्तरं वाचून झाल्यावर असं एक उत्तर आलं की मार्क द्यावेसे वाटतात.

आमची छोटी संस्था आहे. दोन कार्यकर्त्यांना फी भरून शिकवलं, डिग्री झाल्यावर दोघंही मोठ्या संस्थेत गेले. आता बाकीचे विचारतात तर विश्वस्त नको म्हणतात. आम्ही काय करावं?

तुमचं दुःख खरंय, छोट्या संस्थेतून एक तयार माणूस गेलं की वस्तीतली सगळी ओळख त्याच्यासोबत जाते. तरीही मी शिकवा असंच म्हणेन. ते दोघं गेले ते डिग्रीमुळे गेले की डिग्रीनंतरही मानधन आणि काम तेच राहिलं म्हणून गेले, हे विश्वस्तांनी एकदा त्या दोघांनाच फोन करून विचारावं. शिकून आलेल्या माणसाला परत तेच रजिस्टर भरायला दिलं तर ते थांबत नाही.

पैशाचं बघायचं तर प्रपोजल लिहितानाच क्षमता बांधणीच्या बजेटमध्ये फी, पुस्तकं, परीक्षेच्या दिवसांचा प्रवास धरा, फंडरला नुसतं "ट्रेनिंग" लिहिण्यापेक्षा असं नेमकं लिहिलेलं समजतं. सगळी फी एकदम भरण्यापेक्षा वर्षावर्षाने, पास झाल्यावर द्या. पण फीपेक्षाही वेळ द्या, परीक्षेआधीची रजा लेखी द्या. नाहीतर होतं काय की रजा तोंडी मंजूर असते आणि नेमकं पेपरच्या आदल्या दिवशी फंडरची व्हिजिट लागते, आणि हे मी एकदोन संस्थांमध्ये नाही, खूप ठिकाणी बघितलंय.

अजून एक गोष्ट जी संस्था मागतच नाहीत. तुमच्याकडे दरवर्षी एमएसडब्ल्यूची मुलं फिल्डवर्कला येतात ना? तुमचे दहावी-बारावी झालेले कार्यकर्ते त्यांना वस्ती दाखवतात, लोकांशी बोलायला शिकवतात, म्हणजे कॉलेजचा अर्धा अभ्यासक्रम तुमची माणसं शिकवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. मग कॉलेजला सांगा की त्या बदल्यात आमच्या कार्यकर्त्यांना तुमची लायब्ररी वापरू द्या, वर्षातून दोनचार शनिवार लेखन-वाचनाचं घ्या, ॲडमिशनच्या वेळी एक जण मार्गदर्शनाला द्या. चांगले शिक्षक नाही म्हणणार नाहीत. विद्यापीठ आणि वस्ती यांचं असं नातं पुण्यात नवं नाही, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली तिची मुळं एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात आहेत. शिकवायला गेलेल्यांनी कचरा वेचणाऱ्या बायकांचं ऐकलं आणि संघटना झाली. तुमच्या कार्यकर्त्यांकडेही कॉलेजला देण्यासारखं भरपूर आहे.

एवढ्या वर्षांच्या अनुभवाचे मार्क धरत नाहीत का कुठे?

धरायला हवेत, आणि कागदावर दार उघडलंय. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशोब आहे आणि अनुभवातून शिकलेलंही मूल्यमापन करून त्यात धरता येईल असं म्हटलंय. ब्रिटनमध्ये हे बरंच आधी झालं, तिथे २००१ पासून फाउंडेशन डिग्री आहेत ज्यात कामाच्या जागी शिकलेलं डिग्रीचाच भाग असतं, आणि तिथलं ओपन युनिव्हर्सिटी १९७१ मध्ये शिकवायला लागलं तेव्हापासून आधीची सर्टिफिकेटं न मागता प्रवेश देत आलंय. आपल्याकडे मात्र तुमच्या कोर्सला हे मिळतं का ते त्या-त्या विद्यापीठात विचारावं लागेल. विचारा, लेखी विचारा, जितके जण विचारतील तितकं ते लवकर सुरू होईल. पण त्याची वाट बघत ॲडमिशन थांबवू नका. दरम्यान अनुभवाचं पत्र तयार ठेवा, त्यात नुसतं "अमुक साली रुजू" असं नको, काय काम केलं, किती वस्त्यांत, कुठली ट्रेनिंगं घेतली आणि दिली, हे संस्थेच्या लेटरहेडवर.

दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्म परत आलाय.

ही अडचण पत्रांमध्ये सगळ्यात जास्त जणींनी लिहिलीय. विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट आणि नाव बदलल्याचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, म्हणजे ज्याला आपण गॅझेट म्हणतो, हे दोन्ही असलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. गॅझेटचा अर्ज ऑनलाइन होतो पण छापून यायला वेळ लागतो, म्हणून ॲडमिशन सुरू व्हायची वाट न बघता आत्ताच करा. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर आधी ती. आणि अभ्यासकेंद्रावर फॉर्म भरायच्या आधीच विचारा की डिग्रीवर कुठलं नाव छापणार, दहावीचं की आधारचं, कारण एबीसी आयडी आधारच्या नावाने निघतो आणि जुनी कागदपत्रं दुसऱ्या नावाची असतात. ते जे सांगतील त्याच नावाने पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत सगळे फॉर्म भरा, स्पेलिंगसकट.